सूड रंगतो, संसार राहून जातो

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा पाळणा मुंबईत हलला. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ पासून ‘विविधज्ञानविस्तार’ या इथल्या मासिकात क्रमशः येऊ लागली आणि वाचकाला गड, भुयारं, कैद आणि सुटकेची गोडी लागली. पुढे नाथमाधवांनी ती वाढवली. सूड, पळवून नेलेली नायिका, मनाविरुद्ध लावलेलं लग्न आणि अखेरीस दुष्टाला होणारी उपरती, या ऐवजावर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. हा प्रकार मला मनापासून आवडतो. म्हणूनच त्याची आजची अवस्था बघवत नाही.

ह. ना. आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ घ्या. सती जायला निघालेली रजपूत विधवा कमलकुमारी उदयभानूच्या हाती सापडते. तो तिला कोंढाण्यावर आणतो आणि लग्नाचा हट्ट धरतो. १६७०ची तानाजीची चढाई सगळ्यांना ठाऊक असलेली. तिचा शेवटही ठाऊक. तरी पान उलटत राहावंसं वाटतं, कारण गड कधी पडतो याच्या जोडीला या मुलीचं काय होतं, ही धास्ती आपट्यांनी लावून दिली आहे. हे कसब थोर आहे. पण कमलकुमारीकडे नीट पाहिलं तर तिला पुढ्यात दोनच वाटा दिसतात: चिता किंवा उदयभानू. तिसरी वाट तिच्या मनात येत नाही आणि लेखकही ती सुचवत नाही. २०२०च्या ‘तान्हाजी’ चित्रपटात हीच कमल पुन्हा आली. मधल्या शंभराहून जास्त वर्षांत संगणकानं कडे आणि तोफा उभ्या केल्या. कमलच्या वाट्याला एखादा नवा विचार मात्र आला नाही.

आपट्यांनी कमलकुमारी रंगवली तेव्हा गिरगावातला एक खटला लोकांच्या आठवणीत ताजा होता. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. जाणत्या झाल्यावर त्यांनी दादाजी भिकाजींकडे नांदायला जायचं नाकारलं. दादाजींनी १८८४ मध्ये कोर्टात धाव घेतली. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही. १८८७ मध्ये कोर्टानं बजावलं की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. ‘केसरी’ त्यांच्यावर तुटून पडला. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या. नकोसं लग्न, बदनामी, शिक्षेची टांगती तलवार, सगळं इथे होतं. शिवाय स्वतः ‘नाही’ म्हणणारी नायिका होती. आपली ऐतिहासिक कादंबरी मात्र तिला ओलांडून गडावर गेली.

उपरतीच्या बाबतीत सगळ्यात मोठी झेप गडकऱ्यांची. ‘पुण्यप्रभाव’ (१९१६) या नाटकातला वृंदावन हा नकार पचवू न शकलेला पुरुष. वसुंधरेनं भूपालाला वरलं, हा सल त्यानं वर्षानुवर्षं जपलाय. सूडासाठी तो तिच्या तान्ह्या दिनारावर तलवार उगारतो आणि तिच्या पातिव्रत्याच्या तेजापुढे एका प्रवेशात पालटतो. तो प्रवेश आजही अंगावर येतो. वृंदावनाचा द्वेष गडकऱ्यांनी इतक्या बारकाईनं उभा केला आहे की त्याला क्षणात विरघळताना पाहून मला हळहळ वाटते. दुसऱ्या दिवशी हा माणूस वसुंधरेच्या नजरेला नजर कशी देणार होता? आणि तिनं त्याला माफ करायचं ठरवलं असेल, तर कशाच्या बळावर? खरं नाटक तिथून सुरू होतं.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’नं (१९६२) या साहित्याचं वळणच बदललं. कल्पित पात्रं मागे पडली, चरित्रनायक पुढे आले. मग इनामदारांची ‘राऊ’, सावंतांची ‘छावा’. ही पुस्तकं ताकदीची आहेत, याबद्दल वाद नाही. पण ‘स्वामी’त बालविवाहानं सुरू होऊन सहगमनात संपणारा संसार इतका हळुवार रंगला आहे की नायकाच्या पत्नीला, रमाबाईंना, कधी संताप येत असेल, ही शंकाही वाचताना शिवत नाही. नायक पूजनीय झाला की त्याच्या घरातली भांडणं लिहायला हात धजत नाही. आजचे लेखक तर पुराव्यांची यादी जोडून मोकळे होतात. कल्पनेची जोखीम घ्यायला कोणी तयार नाही.

अपवाद रंगभूमीनं दिला. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’त तुकोबांच्या आवलीच्या पायात काटा रुतलाय आणि तिची शुश्रूषा करायला खुद्द रखुमाई वेश पालटून आलीय. दोघी आपापल्या नवऱ्यांबद्दल बोलतात. आवली करवादते, देवालाही सोडत नाही. दंतकथेचा धागा न तोडता लग्नाच्या आतलं इतकं काही सांगता येतं, हे त्या नाटकानं भरल्या नाट्यगृहांत दाखवून दिलं.

रखमाबाईंचं नाटक करायला बुरुज लागत नाहीत, घोडे लागत नाहीत. एक कोर्ट, एक माजघर आणि चार-पाच चांगले नट पुरेत. असे प्रयोग आधी हौशी मंडळीच करतात. गिरणगावच्या कामगार रंगभूमीनं हे काम वर्षानुवर्षं केलं. त्यांच्या हक्काचं, परळचं शंभरी ओलांडलेलं दामोदर नाट्यगृह मात्र २०२३च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झालं. तिथे पुन्हा नाट्यगृह हवं, तेवढ्याच आसनांचं आणि या मंडळींना परवडेल अशा भाड्याचं.