दहावा माणूस : सिनेगॉगमधल्या एकत्र येण्याविषयी

मागच्या वेळी आपण प्रार्थनेचा विचार केला. आज प्रार्थनेच्या आजूबाजूला जे चालतं, त्याचा विचार करू. सणाचं जेवण, लग्नाआधीची मेंदी, मुलांचे वर्ग, म्हाताऱ्यांच्या गप्पा, गाण्याचा कार्यक्रम, अशा गोष्टी. उदाहरण घेऊ ज्यूंच्या सिनेगॉगचं. प्रश्न साधा आहे. हे सगळं तिथे प्रार्थनेच्या जोडीला चालतं, की सिनेगॉग मुळात त्यासाठीच आहे?

सुरुवात शब्दापासून करू. 'सिनेगॉग' हा शब्द ग्रीक, आणि त्याचा अर्थ एकत्र येणं. हिब्रूत 'बेथ क्नेसेत', म्हणजे सभेचं घर. 'प्रार्थनेचं घर' आणि 'अभ्यासाचं घर' असेही शब्द परंपरेत आहेत, पण रूढ झालं ते सभेचं घर. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं, यज्ञबली थांबले. त्यानंतर ज्यू जिथे जिथे गेले तिथे त्यांचं धर्मजीवन उभं राहिलं ते या सभाघरांच्या आधारानं. तेव्हा 'लोक जमतात' ही इथे दुय्यम गोष्ट नाही, हे आधी ध्यानात घेऊ.

विसाव्या शतकात या गोष्टीचं तत्त्वज्ञान केलं ते मॉर्डेकाय कॅपलन यांनी. १९१८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये 'ज्यूइश सेंटर' उभं राहिलं, त्याचे हे पहिले रब्बी. एकाच इमारतीत प्रार्थनागृह, वर्ग, व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव. अशा संस्थांना लोक थट्टेनं 'तलाववालं सिनेगॉग' म्हणू लागले. १९३४ च्या 'ज्युडाइझम अ‍ॅज अ सिव्हिलायझेशन' या ग्रंथात कॅपलन यांनी मांडलं की ज्यू धर्म ही नुसती श्रद्धा नव्हे. ती भाषा, कला, रीतिरिवाज, इतिहास या सगळ्यांची मिळून एक संस्कृती आहे. माणूस आधी समाजाचा असतो, श्रद्धा त्यातून येते. यामागे एमिल दुर्खाइम उभे आहेत, हे आपल्याला लगेच ओळखू येईल. दुर्खाइम स्वतः एका रब्बीचे चिरंजीव, हेही जाता जाता सांगून ठेवू.

याला विरोध केला अब्राहम जोशुआ हेशेल यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : प्रार्थनेला समाज टिकवण्याचं साधन मानलं की प्रार्थना उरतच नाही. माणूस देवासमोर उभा राहतो तेव्हा समाजाची एकजूट हा त्याचा विषय नसतो. तिला समाजकार्य समजणं हा समाजशास्त्रीय भ्रम आहे.

दोघांचंही म्हणणं वजनदार आहे. तरी आम्हांला वाटतं की दोघंही एक गोष्ट गृहीत धरून चालले आहेत. एका बाजूला प्रार्थना, दुसऱ्या बाजूला लोकांचं जमणं, आणि मग पहिलं दुसऱ्यासाठी की दुसरं पहिल्यासाठी, एवढाच वाद. पण मुळात 'जमणं' म्हणजे काय? कोण जमलं म्हणजे सभा झाली? हा प्रश्न दोघांपेक्षा जुन्या ग्रंथांनी जास्त बारकाईनं विचारला आहे.

सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. या दहांच्या गटाला 'मिन्यान' म्हणतात. हा दहाचा आकडा आला कुठून? तालमूदमध्ये तो काढला आहे तो मोशेनं कनान देश पाहायला पाठवलेल्या हेरांच्या कथेवरून. बारा गेले, त्यातल्या दहांनी परत येऊन लोकांचं धैर्य खचवलं, आणि त्या दहांना उद्देशून तोरात 'मंडळी' असा शब्द आला आहे. म्हणजे बघा, सभेची व्याख्या ठरली ती दहा संतांवरून नाही, दहा चुकलेल्या माणसांवरून. मिश्ना तर आणखी मजेदार आहे. मोठं गाव कोणतं? जिथे दहा रिकामे लोक आहेत ते! त्याहून कमी असतील तर ते खेडं. टीकाकारांनी अर्थ लावला, की सभाघरासाठी केव्हाही मोकळे असलेले दहा जण. आपण ज्यांना रिकामटेकडे म्हणतो, त्यांच्या जोरावर गाव मोठं ठरतं!

आणि ही मोजणी करतात कशी? माणसं 'एक, दोन, तीन' अशी मोजू नयेत, असा संकेत आहे. म्हणून दहा हिब्रू शब्दांचं एक वचन घेतात आणि एकेका माणसाला एकेक शब्द देत जातात. नऊ माणसं असली तर वाक्य अपुरं राहतं. आकड्याच्या हिशेबात नववा आणि दहावा सारखेच. पण वाक्यातला एक शब्द गेला तर दुसरा त्याची जागा घेऊ शकत नाही. कॅपलन यांच्या 'समाज' या ढोबळ शब्दात ही सूक्ष्मता हरवते, आणि हेशेल यांच्या एकट्या उभ्या माणसात तर ती येतच नाही.

आता हा विचार आपल्या घरी तपासून पाहू. कोकणातले बेने इस्राएल मराठी बोलणारे. तेल काढण्याचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. आडनावं दिवेकर, केहीमकर, अष्टमकर अशी गावांवरून. यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये मांडवीला सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. त्याआधी कित्येक पिढ्या त्यांच्याकडे सभाघर नव्हतंच. मग समाज टिकला कसा? शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि घरातले सण यांच्यावर. सणांची नावं ऐका : खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण. ही नावं शास्त्रीपंडितांनी दिलेली नाहीत, ती स्वयंपाकघरातून आणि उंबऱ्यावरून आलेली आहेत.

याचंच दुसरं रूप म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू हन्नबीचं स्तवन. लग्न असो, नवं घर असो, नवस फेडायचा असो, मलिदा होतो. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू येऊन गेले, खडकावर त्यांच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. लोक तिथे नवस फेडायला जातात. मलिद्याला प्रार्थना म्हणायचं की सामाजिक कार्यक्रम? ताटात हात घालणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही.

तसंच कीर्तनाचं. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल मंडळींनी हरिकीर्तनाचा साचा घेतला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत लावली. हिब्रू प्रार्थना सगळ्यांना कळत नव्हती. कीर्तन कळत होतं. इथे उसनं काय घेतलं, याची चर्चा फार होते. आम्हांला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. मिन्यानमध्ये ज्या बायकांची मोजणी होत नव्हती, त्या कीर्तनाच्या श्रोत्यांत होत्या. पुढे यातली गाणी पाठ ठेवली, वह्यांत उतरवून ठेवली, तीही बऱ्याच अंशी बायकांनीच.

पण इथे थांबलो तर आपण गोड चित्र काढून मोकळे होऊ. याच समाजात 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असा भेद होता. मिश्र संबंधातून आलेली मानलेली घराणी वेगळी, त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. आपल्याकडच्या जातीची सावली सभाघराच्या आतही पडली होती. आणि पुढे काय झालं? हीच माणसं इस्राएलला गेली, तेव्हा १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बी-मंडळानं त्यांच्या विवाहासाठी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांनी घरात वंश तपासला, त्यांचाच वंश तपासला गेला. १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेमला धरणं धरलं, प्रकरण तिथल्या संसदेपर्यंत गेलं आणि बेने इस्राएलांचा नामनिर्देश त्या आदेशातून काढावा लागला.

म्हणून आमचं म्हणणं असं. सिनेगॉगमधल्या कार्यक्रमांची पारख किती लोक आले यावर करू नये, आणि ते कितपत 'धार्मिक' आहेत यावरही करू नये. तिथे कोणाला शब्द मिळाला आणि कोण वाक्याबाहेर राहिलं, ते पाहावं. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथानं १९७३ मध्ये बायकांना मिन्यानमध्ये मोजायला मान्यता दिली. तो प्रश्न व्यायामशाळेपेक्षा कितीतरी मोठा होता. न्याय म्हणून सांगायला हवं, की कॅपलन यांनी त्या दिशेचं पाऊल १९२२ मध्येच टाकलं होतं, आपल्या मुलीचा बात मित्झवा सभेसमोर करून. त्यांच्या तलावापेक्षा हे पाऊल आम्हांला जास्त मोलाचं वाटतं.

आज भारतात बेने इस्राएल थोडे हजार उरले. अनेक ठिकाणी दहा माणसं जमवणं अवघड झालं आहे. आपण मात्र पुण्याचं लाल देऊळ पाहतो, मनोरा पाहतो, फोटो काढतो आणि वारसा जपला म्हणतो. वास्तू जपावी, जरूर जपावी. पण जे सभाघर आहे ते नुसत्या दुरुस्तीनं जपलं जात नाही. शनिवारी सकाळी नऊ जण बसून दाराकडे बघत असतात, आणि दहावा जिना चढताना दिसला की पुस्तकं उघडतात. त्या क्षणी तो कोण आहे, किती श्रद्धाळू आहे, असं कोणी विचारत नाही. तो आला, एवढं पुरतं.

आपल्या आपल्या मंडळांना, वाचनालयांना, देवळांच्या सभामंडपांना हा प्रश्न लावून पाहावा. आपल्याकडे मोजणी कोणाची होते? पुढच्या व्याख्यानात गुरुद्वाराच्या लंगरकडे वळू. पंगतीत कोण बसतं, हाच धागा तिथे पुढे नेता येईल.