मूल बोलतं तेव्हा शाळा काय बोलत नाही?

'कॉन्फरन्स' म्हटलं की आपल्याला पेपरवाचन, प्रमाणपत्र आणि दुपारचं जेवण आठवतं. आजचा विषय तो नाही. अमेरिकेतल्या शाळांत शिक्षक आणि पालक यांच्या ठरलेल्या भेटीलाही कॉन्फरन्स म्हणतात. तिचाच एक प्रकार म्हणजे 'स्टुडंट-लेड कॉन्फरन्स', म्हणजे मुलाने चालवलेली पालकभेट. आपल्या कामाची फाईल, तिथल्या भाषेत पोर्टफोलिओ, समोर ठेवून मूल आईवडिलांना सांगतं : हे मला जमलं, हे अजून जमत नाही, आणि पुढचं माझं ध्येय हे. शिक्षक जवळपास असतात, पण बोलणं मुलाचं.

कल्पना ऐकताक्षणी आवडते. मलाही आवडली होती. शिक्षणशास्त्रात प्रस्ताव लिहिणाऱ्यांना तर ती फारच आवडते, कारण तिच्यात मूल्यमापन, पालकसहभाग आणि बालककेंद्री शिक्षण असे तिन्ही शब्द एकदम बसतात. म्हणूनच तिच्याबद्दल जे लिहिलं गेलंय ते जरा थांबून वाचायला हवं.

वाचायला मी घेतलंय रॉन बर्गर, लिआ रूगेन आणि लिबी वुडफिन यांचं 'लीडर्स ऑफ देअर ओन लर्निंग' (२०१४). त्यातलं एक पूर्ण प्रकरण या भेटींवर आहे. पुस्तकाचा मूळ विचार असा की मूल्यमापन हे मुलावर करायचं काम नसून मुलासोबत करायचं काम आहे. शिकण्याचं उद्दिष्ट मुलाला आधीच माहीत असावं, आपण कुठवर पोचलो हे त्याला पुराव्यासह सांगता यावं, आणि पालकभेट ही ते सांगण्याची खरी जागा असावी. शिक्षकांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक म्हणून ते चांगलं आहे. भाषा साफ आहे आणि उद्या वर्गात वापरता येईल असं बरंच काही आहे.

त्याची जमेची बाजू आधी मान्य करू. नेहमीच्या पालकभेटीत दोन मोठी माणसं तिथे नसलेल्या मुलाबद्दल बोलतात. सारा लॉरेन्स-लाइटफूट यांनी 'द इसेन्शियल कॉन्व्हर्सेशन' (२००३) मध्ये या भेटी किती नाजूक असतात ते दाखवलंय. पालक वर्गात शिरतात ते स्वतःच्या शाळेच्या आठवणी घेऊनच. आपण शाळेत असताना 'उद्या वडिलांना घेऊन ये' या वाक्याने पोटात गोळा यायचा, तो पालक झाल्यावरही पूर्ण जात नाही. अशा भेटीत मूल स्वतः हजर असणं आणि त्याला आवाज असणं ही छोटी गोष्ट नाही.

आता अडचणी. पहिली पुराव्याची. या विषयावरच्या मार्गदर्शक लेखनात एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा भेटतो : मुलांनी भेट चालवली की पालक जास्त येतात. येत असतीलही. पण उपस्थिती हे कशाचं माप आहे? स्नेहसंमेलनालाही हॉल भरतो. आपलं पोर काहीतरी करून दाखवणार असेल तर आई अर्धा दिवस रजा टाकून येते. त्यावरून शाळा आणि घर यांच्यातला संवाद सुधारला असं म्हणता येत नाही. शिवाय ही पद्धत मनावर घेणारी शाळा सहसा इतरही बदल करते. संध्याकाळच्या वेळा देते, घरी फोन करते, दुभाषी बोलावते. मग उपस्थिती वाढली ती नक्की कशामुळे? संशोधन पद्धतीच्या पेपरात 'बाह्य चल' म्हणून आपण पाठ करतो ते हेच. आणि अशा पुस्तकात येणारे शाळांचे अनुभव बहुतेक जिथे प्रयोग जमला तिथलेच असतात. मार्गदर्शक पुस्तकासाठी ते योग्य आहे. पण ते आपल्या साहित्य आढाव्यात 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' या शब्दांत उतरलं की चूक आपली.

दुसरी अडचण : बोलणारं मूल, पण वाक्य कुणाचं? ह्यू मेहान यांनी 'लर्निंग लेसन्स' (१९७९) मध्ये वर्गातल्या बोलण्याचा साचा दाखवला. शिक्षक विचारतात, मूल उत्तर देतं, शिक्षक त्यावर शेरा देतात. मुलाने चालवलेल्या भेटीत हा साचा मोडतो असं वाटतं. प्रत्यक्षात मुलाच्या हातात बहुतेक वेळा एक छापील कागद असतो : 'मला अभिमान वाटतो तो ___ चा', 'मला अजून ___ वर काम करायचं आहे'. वर्गात त्याची तालीम झालेली असते. म्हणजे शिक्षकाचा शेरा गेला कुठेच नाही, तो मुलाच्या तोंडी आला. अर्विंग गॉफमन यांच्या 'द प्रेझेंटेशन ऑफ सेल्फ इन एव्हरीडे लाइफ' (१९५९) मधला रंगमंच आणि पडद्यामागची जागा हा भेद इथे उपयोगी पडतो. पालकभेट हा रंगमंच आहे. आठ वर्षांच्या मुलाला तालीम लागणारच, त्यात वाईट काही नाही. प्रश्न असा की संशोधक फक्त रंगमंचावर काय झालं तेवढंच लिहून त्याला 'मुलाचा आवाज' म्हणतो का?

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या कागदावर मुलाला काय जमलं नाही याला रकाना आहे. शाळेला काय जमलं नाही याला नाही.

इथे मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. मी शिकते त्या गावात ओळखीचं एक मराठी कुटुंब आहे. त्यांची मुलगी तिसरीत. आईची त्या दिवशी ड्यूटी होती, वडील परगावी. म्हणून भारतातून आलेली आजी गेली आणि सोबत मी. वर्गात चार टेबलं, चार कुटुंबं, एकाच वेळी चार भेटी. बाई टेबलांमधून फिरत होत्या. मुलीने फाईल उघडली आणि कागदावरचं वाक्य वाचलं : "आय ॲम स्टिल ग्रोइंग इन एक्स्प्लेनिंग माय थिंकिंग इन मॅथ." बाईंनी हसून मान डोलावली आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. मग मुलगी आजीकडे वळून मराठीत म्हणाली, "आजी, मला गणित नीट येत नाही."

दोन्ही वाक्यं ऐकणारी आणि समजणारी तिथे दोघंच होतो, ती आणि मी. पहिल्यात ती शिकतेय. दुसऱ्यात ती नापास आहे.

आजी म्हणाल्या, "अगं, मग बाई काय शिकवतात? त्यांना विचार की, कुठं अडतं म्हणून." मुलीने कागदाकडे पाहिलं. या प्रश्नाला तिथे रकाना नव्हता. ती पुढच्या ओळीकडे गेली : 'माझं ध्येय'. बाई परत आल्या तेव्हा तिने तो प्रश्न विचारला नाही. आणि खरं सांगायचं तर मीही विचारला नाही. भेट मुलीची आहे, आपण मध्ये पडू नये असं मला वाटलं. वीस मिनिटांत भेट संपली, फोटो काढला, आजींनी सही केली.

हा प्रसंग म्हणजे डेटा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी तिथे संशोधक म्हणून गेले नव्हते, माझ्याकडे परवानगी नव्हती. घरच्यांना विचारून, ओळख पटणार नाही इतपतच लिहिलंय. पण प्रश्न कुठून सुचतो हे सांगायला तो चालेल.

घरी येऊन शोधल्यावर इनमाकुलादा गार्सिया-सांचेस आणि मार्जोरी ऑरेलाना यांचा २००६ चा अभ्यास सापडला. त्यांनी अमेरिकेतल्या स्थलांतरित कुटुंबांतली मुलं पालकभेटीत शिक्षकांचं बोलणं आईवडिलांना भाषांतर करून सांगतात तेव्हा काय होतं, हे तपासलं. सामान्य समज असा की मुलं स्वतःचं कौतुक फुगवतील आणि तक्रार गाळतील. दिसलं उलटं : मुलं शिक्षकांनी केलेलं कौतुक कमी करून सांगत होती आणि अडचणीची जबाबदारी स्वतःकडे जास्त घेत होती. त्या भेटी मुलांनी चालवलेल्या नव्हत्या, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा इथे उचलून लावता येणार नाही. पण 'मूल बोललं म्हणजे मुलाची बाजू आली' हे गृहीतक तपासायला तो पुरेसं कारण देतो.

याला वर्गाची बाजूही आहे. ॲनेट लॅरो यांनी 'होम अॅडव्हान्टेज' (१९८९) मध्ये दोन प्राथमिक शाळांची तुलना केली. कामगार वस्तीतल्या शाळेचे पालक शिक्षण हे शिक्षकांचं काम मानून बहुतेक गोष्टी त्यांच्यावर सोपवत. उच्च मध्यमवर्गीय शाळेचे पालक शिक्षकांना प्रश्न विचारत, मागण्या करत. आता असं समजा की दोन्ही शाळांनी मुलांकडे भेट सोपवली. दुसऱ्या शाळेतली आई मुलाचं कौतुक करेल, आणि घरी जाऊन शिक्षकांना ई-मेल करून वेगळी वेळ मागेल. पहिल्या शाळेतल्या आईला शिक्षकांसमोर बसायची तीच एक ठरलेली संधी होती, आणि ती सादरीकरण बघण्यात गेली. हा माझा तर्क आहे, लॅरो यांचा निष्कर्ष नाही. पण तपासता येईल असा तर्क आहे.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या शाळेचं आपल्याला काय? आंतरराष्ट्रीय बॅकॅलॉरिएटच्या प्राथमिक कार्यक्रमात या भेटी रुळलेल्या आहेत आणि तो कार्यक्रम चालवणाऱ्या शाळा मुंबई-पुण्यात आहेत. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रगतिपुस्तकात मुलाने स्वतःचं मूल्यमापन करावं असं म्हटलंय. म्हणजे 'मला अजून ___ वर काम करायचं आहे' हा रकाना आपल्याकडेही येतोय. दुसरीकडे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं ठरवलंय. म्हणजे कायद्याच्या नजरेत पालक शाळेला जाब विचारू शकणारा माणूस आहे. तोच पालक मुलाच्या टेबलाशी आला की नुसता प्रेक्षक का होतो?

मुलांकडून भेट काढून घ्या असं मी म्हणत नाही. मुलाने पंधरा मिनिटं बोलावं आणि नंतरची दहा मिनिटं शिक्षकांनी त्या टेबलाशी बसावं, एवढा बदलही पुष्कळ आहे. मुलाच्या कागदाखाली शिक्षकांसाठी एक ओळ हवी : 'यासाठी मी वर्गात काय करणार आहे'. बर्गर यांच्या मूळ विचाराशी हे विसंगत नाही. मूल्यमापन मुलासोबत करायचं तर उणिवाही सोबतच मांडायला हव्यात.

या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल तर 'पालकांचा दृष्टिकोन : एक अभ्यास' म्हणून पाचबिंदू प्रश्नावली वाटत बसू नका. आपल्या मुलाला बोलताना पाहून आलेला पालक 'पूर्णतः सहमत'वरच खूण करणार. त्यापेक्षा थोड्या भेटी घ्या, पण बोलणं ध्वनिमुद्रित करा. पालकांची परवानगी तर हवीच, मुलाचा होकार वेगळा घ्या, आणि तो पालकांसमोर घेऊ नका, कारण तिथे ते 'नाही' म्हणू शकत नाही. मग मोजा : पालकांनी किती प्रश्न विचारले, त्यातले शाळेबद्दलचे किती, त्यांना उत्तर कुणी दिलं. घरात वेगळी भाषा असेल तर दोन्ही भाषांतली वाक्यं शेजारी शेजारी लिहा. आणि महिन्याने परत जा. मुलाने सांगितलेल्या ध्येयानंतर शिक्षकांच्या शिकवण्यात काय बदललं ते बघा. बहुतेक प्रस्ताव भेटीच्या दिवशीच संपतात, म्हणून हे शेवटचं काम अजून मोकळं पडलंय.

ती मुलगी आता चौथीत आहे. गणिताचं काय झालं, मी विचारलं. म्हणाली, "या वर्षी माझं ध्येय वाचन आहे."