नवशिक्याचे साधन आणि त्याचे खरे मोल

आज्ञावली-लेखनाच्या प्राथमिक साधनांचे मूल्यमापन करताना ती विनामूल्य आहेत काय, एवढाच प्रश्न सामान्यतः विचारला जातो. हा प्रश्न अपुरा आहे. १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कर्ट्झ यांनी ‘बेसिक’ भाषा सिद्ध केली, तेव्हा सोपी भाषा आणि अनेकांस एकाच वेळी यंत्र वापरू देणारी व्यवस्था या दोहोंची योजना त्यांनी एकत्रच केली होती. भाषा सुलभ, परंतु यंत्र दुर्लभ, अशा स्थितीत सुलभतेस अर्थ उरत नाही, हे त्यांनी जाणले होते.

या कसोटीवर ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’ पारखून पाहावयास हवे. गूगलने २०१० साली प्रसिद्ध केलेले हे विनामूल्य साधन पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे गेले. आज्ञा अक्षरांनी न लिहिता रंगीत ठोकळे एकमेकांत बसवावयाचे, ही त्याची पद्धती. त्यामुळे विरामचिन्हांच्या चुकांपायी नवशिक्याची उमेद खचत नाही. हा गुण निःसंशय मोठा होय. परंतु जुळणी संगणकावर करावयाची आणि तिचा पडताळा भ्रमणध्वनीवर घ्यावयाचा, अशी त्याची मूळ योजना आहे. ज्या विद्यार्थ्याजवळ केवळ भ्रमणध्वनीच आहे, त्यास हे साधन फुकट मिळूनही महागच पडते.

ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील तंत्रविद्यापीठात सुरू झालेल्या ‘कॅट्रोबॅट’ प्रकल्पाने नेमकी हीच उणीव हेरली. त्याच्या ‘पॉकेट कोड’ या विनामूल्य साधनात, ‘स्क्रॅच’च्या धर्तीवर, आज्ञावली भ्रमणध्वनीवरच रचली जाते व तेथेच चालते. भ्रमणध्वनी कलंडताच चित्र सरकावे, अशी जुळणी करून विद्यार्थी ती तत्क्षणी हातातच अजमावू शकतो.

तथापि लहान पडद्याची मर्यादा येथे लपत नाही. एका वेळी मोजकेच ठोकळे दिसतात. आवर्तनाचा शेवट दृष्टीस पडेतो त्याचा आरंभ वर निघून गेलेला असतो, आणि रचनेचा समग्र आकार डोळ्यांपुढे राहत नाही. स्वतःची आज्ञावली वाचता येणे हे शिक्षणाचे निम्मे अंग असल्यामुळे हा दोष क्षुल्लक मानता येणार नाही. संगणकाच्या विस्तृत पडद्यावर ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’ याबाबतीत सरस ठरते.

असे असूनही आमचा कौल ‘पॉकेट कोड’कडेच झुकतो. त्याचा दोष दीर्घ रचनेत जाणवतो. ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’चा दोष पहिल्या पाठाआधीच आड येतो. विद्यार्थ्याने यंत्राचा केवळ ग्राहक न राहता कर्ता व्हावे, हा हेतू असेल, तर आरंभ त्याच्या हाती असलेल्या यंत्रापासूनच व्हावयास हवा.