लोकशाहीची दुरुस्ती : एका व्याख्यानाची चिकित्सा

‘दुरुस्ती’ हा मराठी शब्द दोन भिन्न क्रियांसाठी योजला जातो. घटनेचे कलम बदलणे ही दुरुस्ती, आणि बंद पडलेले यंत्र पुन्हा चालते करणे हीही दुरुस्तीच. पहिलीत मजकूर पालटतो. दुसरीत वस्तूचे मूळ कार्य पूर्ववत सुरू होते. लोकशाहीसंबंधीच्या चर्चेत या दोन अर्थांची वारंवार गल्लत होते. ती टाळणारे विवेचन म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २२ डिसेंबर १९५२ रोजी पुणे डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीपुढे दिलेले व्याख्यान आजही अभ्यसनीय आहे.

व्याख्याते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले होते व पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांचा पराभवही झाला होता. असे असता त्यांनी कलमांची उजळणी केली नाही. लोकशाही यशस्वी होण्यास आवश्यक अशा सात अटी सांगितल्या : समाजात तीव्र विषमता नसणे, विरोधी पक्षाचे अस्तित्व, कायद्यात व कारभारात समता, घटनात्मक नीतीचे पालन, बहुसंख्याकांच्या जुलमाचा अभाव, समाजातील नैतिक व्यवस्था आणि सार्वजनिक सदसद्विवेक. यांपैकी बहुतेक अटी केवळ कलम बदलून पुऱ्या होणाऱ्या नाहीत. व्याख्यानाचे खरे मर्म येथेच आहे.

तथापि त्याच्या मांडणीत एक उणीव राहते. सातही अटी एका ओळीत मांडल्यामुळे त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट होत नाही, आणि त्या निर्माण कशा व्हाव्यात हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. अन्याय कोणावर होत आहे हे न पाहता त्याविरुद्ध उठणे, हा सातव्या अटीचा आशय. त्यासाठी व्याख्यात्यांनी दक्षिण आफ्रिकेतील रेव्हरंड स्कॉट यांचा दाखला दिला. खानदेशाचा इतिहास याहून जवळचा दाखला पुरवितो.

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे, खेड्यात भरलेल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनात, प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटनासमितीची मागणी करण्यात आली. ही मजकुराची मागणी होती. मजकूर मिळून दोन दशके लोटल्यावरही तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादे तालुक्यात अनेक भिल्लांच्या जमिनी परहस्ते गेलेल्या होत्या व ते इतरांच्या शेतावर सालदार म्हणून राबत होते. मताधिकार होता, पहिली अट मात्र अपुरीच होती. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आदिवासी संघटित झाले, सर्वोदयी कार्यकर्ते व शहरांतील शिक्षित तरुण त्यांच्या साह्यास आले, आणि ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भू-मुक्ती परिषद भरली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली झाला.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. पीडितांची संघटना आधी, इतरांचा विवेक तिच्या जोडीस, आणि कलम शेवटी. व्याख्यानात शेवटी आलेली अट दुरुस्तीच्या व्यवहारात आरंभीची ठरते. पण पीडित स्वतः उठल्यावाचून तीही जागी होत नाही. पुण्याच्या व्याख्यानाने बिघाडाच्या जागा अचूक दाखविल्या. दुरुस्तीचा प्रारंभ कोणी करावयाचा, याचे उत्तर मात्र शहाद्यातील सालदारांनी दिले.