'संकर' प्रयोगाची चिकित्सा

मराठी व्याकरणात प्रयोगविचाराइतका वादग्रस्त विषय क्वचितच आढळेल. कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या अन्वयास प्रयोग म्हणावे, क्रियापद कर्त्याप्रमाणे फिरत असेल तर कर्तरी, कर्माप्रमाणे फिरत असेल तर कर्मणी आणि कोणाप्रमाणेच न फिरता नपुंसकलिंगी एकवचनी राहत असेल तर भावे, ही व्यवस्था आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली आहे. 'राम आला', 'रामाने पोळी खाल्ली', 'रामाने रावणाला मारले' ही तिची नेहमीची उदाहरणे. परंतु 'तू पोळी खाल्लीस' हे वाक्य समोर आले की या व्यवस्थेची पंचाईत होते. 'खाल्ली' हे रूप 'पोळी'चे, तर 'स' हा 'तू'चा. क्रियापद दोघांनाही बांधलेले दिसते. या अडचणीतून वाट काढण्यासाठी परंपरेने 'कर्तृ-कर्म-संकर' असे नाव योजिले. ते नाव वस्तुस्थितीचे वर्णन करते की केवळ अडचणीवर पांघरूण घालते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकर म्हणजे मिश्रण. तेव्हा दोन प्रयोगांची लक्षणे एकाच ठिकाणी एकमेकांत मिसळली आहेत, असे हे नाव गृहीत धरते. हे गृहीतक तपासण्यास फार दूर जावयास नको. 'तू आलास', 'तू पोळी खाल्लीस', 'तू त्याला मारलेस' ही तीन वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिले कर्तरी, दुसरे कर्मणीच्या घाटाचे, तिसरे भावे प्रयोगाच्या घाटाचे. तिन्हींत 'स' जसाच्या तसा आहे. विध्यर्थातही 'तू ही पोथी वाचावीस' असेच आपण म्हणतो. प्रयोग कोणताही असला तरी जो प्रत्यय बदलत नाही, तो प्रयोगाचे लक्षण कसा मानावा? आणि तो प्रयोगाचे लक्षणच नसेल, तर त्याच्या उपस्थितीने दोन प्रयोगांचा संकर झाला असे म्हणण्यास आधार कोणता?

'तुम्ही आंबा खाल्लात' हे उदाहरण याहूनही बोलके आहे. आंबा एक, खाणारे अनेक. 'खाल्ला' हे रूप पुल्लिंगी एकवचनी आहे, कारण आंबा तसा आहे. त्यापुढील 'त' अनेकवचनी आहे, कारण 'तुम्ही' अनेकवचनी आहे. एकाच क्रियापदात दोन वचने नांदत आहेत आणि त्यांच्यात कसलाही झगडा नाही. याचा अर्थ असा की येथे दोन स्वतंत्र स्थाने आहेत. पहिले स्थान लिंग-वचनाचे. ते प्रयोगानुसार कर्त्याला किंवा कर्माला बांधलेले, नाहीतर तटस्थ. दुसरे स्थान पुरुषाचे. ते नेहमी कर्त्याचेच. ही मिसळ नव्हे, ही श्रमविभागणी आहे.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की 'स' ही केवळ भरपाई आहे. मराठीचे हे भूतकाळी रूप संस्कृतातील क्तान्त कर्मणी रचनेतून उतरले. जुन्या मराठीत 'मियां', 'तुवां' अशी तृतीयेची रूपे होती आणि पुढे 'म्यां', 'त्वां' ही रूपे एकोणिसाव्या शतकातील लेखनातही वावरत होती. ती मागे पडून 'मी', 'तू' तेथे आले. कर्त्याची तृतीया दिसेनाशी झाली, म्हणून क्रियापदाने कर्त्याची खूण धारण केली, असे हे स्पष्टीकरण. ते सुबक आहे, पण टिकत नाही. तृतीयेची खूण 'मी'नेही गमावली. तरी 'मी पोळी खाल्ली' येथे क्रियापदावर प्रथम पुरुषाची कसलीही खूण नाही. उलट रत्नागिरीकडच्या बोलीत 'त्याने पोळी खाल्लीन', 'आईने भात केलान' अशी रूपे ऐकू येतात. तेथे 'ने' शाबूत आहे, तरीही क्रियापद तृतीय पुरुषी कर्त्याची खूण वागवते. म्हणजे जेथे उणीव आहे तेथे भरपाई नाही, आणि जेथे भरपाई आहे तेथे उणीव नाही.

वऱ्हाडाकडील बोलीत याची दुसरी बाजू दिसते. तेथे 'तू काय केलं?' असे 'स'विना सहज बोलले जाते. दुसरे स्थान रिकामे राहिले, पण पहिल्या स्थानाच्या अन्वयात तिळमात्र फरक पडला नाही. हिंदीत 'तूने रोटी खाई' म्हणताना पुरुषाची खूण नसतेच. सिंधी आणि काश्मीरीत मात्र क्रियापदाला जोडून येणारे सार्वनामिक प्रत्यय चांगलेच विस्तारलेले आहेत. या शेजारी भाषांच्या मेळ्यात मराठीचा 'स' अपवाद वाटत नाही.

या मांडणीतही अडचण नाही असे नव्हे. 'मी आलो', 'मी आले' यांत लिंग, वचन आणि पुरुष एकाच स्वरात एकजीव झाले आहेत; तेथे दोन स्थाने वेगळी काढून दाखविता येत नाहीत. तसेच 'त्याने मुलीला शाळेत घातली' या वाक्यातील 'कर्म-भाव-संकर' वेगळ्या कोटीतला आहे. कर्माला 'ला' लागल्यावर क्रियापदाने तटस्थ राहावयाचे, पण ते कर्माप्रमाणेच फिरते. येथे एकाच स्थानावर दोन नियमांचा खरोखर दावा आहे. 'संकर' ही संज्ञा ठेवावयाचीच असेल तर ती येथे ठेवावी, 'खाल्लीस'वर लादू नये.

हा केवळ नावाचा वाद आहे असे कोणी म्हणेल. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ साली मराठी व्याकरणाच्या पुनर्विचाराची हाक दिली. तरीही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत 'संकर' हा शब्द निर्वेधपणे लिहिला जातो, आणि लिहिणाऱ्यास आपण काही समजावून दिले असे वाटते. मागे एका विद्यार्थिनीने वर्गात 'आईने भात केलान' असे उदाहरण दिले आणि लगेच 'हे आमचे गावठी, चुकीचे' म्हणून ते मागे घेतले. वस्तुतः प्रमाण मराठीत केवळ द्वितीय पुरुषापुरती उरलेली व्यवस्था तिची बोली तृतीय पुरुषातही पाळीत होती. नियम तिच्या तोंडी होता. त्याला ओळखणारे व्याकरण मात्र तिच्या हाती आपण दिले नव्हते.