स्मारकरक्षणाचे कायदे : एक परीक्षण

प्राचीन वास्तूंची नासधूस करणारास शिक्षा सांगणारे कायदे आपल्याकडे नाहींत, अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. ती आम्हांस मान्य नाहीं. कायदे आहेत, त्यांची रचना कोठें सैल आहे, हें पाहिलें पाहिजे.

१९०४ च्या सातव्या कायद्यानें संरक्षित स्मारक विद्रूप करणारास तीन महिने कैद, पांच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या होत्या. १९५८ च्या चोविसाव्या कायद्यानें तेंच माप कायम ठेविलें; २०१० सालीं तें दोन वर्षें व एक लाख रुपये झालें. वाढ योग्यच झाली. नाशिकच्या पांडवलेण्यांतील बलश्रीच्या लेखाचें एक अक्षर खरवडलें गेलें, तर तें कोणत्याही दंडानें परत येणार नाहीं.

परंतु ही शिक्षा ‘संरक्षित’ म्हणून जाहीर झालेल्या स्मारकापुरतीच आहे. नाशिकजवळ गंगापूर येथें गोदावरीच्या खडीच्या थरांत डॉ. सांकळिया यांस अश्मयुगीन हत्यारें मिळालीं. त्यांवरील त्यांचा ग्रंथ १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. शंभर वर्षांपूर्वींचे अवशेष असलेली जागा, या १९५८ च्या व्याख्येंत असें स्थळ निःसंशय बसतें. पण व्याख्येंत बसणें निराळें व जाहीर होणें निराळें. आज गंगापूर रोडवर इमारतींचे पाये खणले जात असतां हा भेद केवळ शब्दांचा राहत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९०४ च्या कायद्यांत अधिसूचना निघतांच स्मारक संरक्षित होई व हरकती मागाहून, एका महिन्याच्या आंत, ऐकल्या जात. १९५८ च्या कायद्यांत आधीं दोन महिन्यांची नोटीस व मग घोषणा, असा क्रम आहे. म्हणजे सरकारचा हेतु सर्वांस कळतो, परंतु त्या दोन महिन्यांत विध्वंस करणारास स्मारकाचें कलम लागत नाहीं. येथें जुना कायदाच शहाणा होता, असें आमचें स्पष्ट मत आहे.

१९७२ च्या पुराणवस्तूंविषयींच्या कायद्यानें तर चमत्कारिक स्थिति उत्पन्न केली आहे. इमारतीपासून सुटलेला शंभर वर्षांपूर्वींचा दगड त्यांत पुराणवस्तु ठरतो. तोच दगड अघोषित देवळाच्या भिंतींत असेपर्यंत त्यास हा आधार नाहीं. पंचाहत्तर वर्षांचें महत्त्वाचें हस्तलिखितही पुराणवस्तूच होय. परंतु या कायद्याचा भर नोंदणी, विक्री व निर्यात यांवर आहे. घरांतील वाळवीवर त्याची सत्ता चालत नाहीं.

नोटिशीच्या तारखेपासूनच तात्पुरतें संरक्षण मिळावें, एवढी एक दुरुस्ती झाली तरी पुष्कळ साधेल. तोंवर संशोधकांनीं आपापल्या परिसरांतील अघोषित लेखांचे ठसे, छायाचित्रें व मापें तारखेसह नोंदवून ठेवावीं. दगड गेला तरी वाचन राहील, आणि तो गेला हें सिद्ध करण्यास पुरावाही राहील.