गोखले यांचे १९१२ चे करारबद्ध मजुरीविषयक भाषण : एक पुनर्विचार

प्रास्ताविक :
नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची अर्थसंकल्पावरील व प्राथमिक शिक्षणावरील भाषणे आवर्जून अभ्यासली जातात. मार्च १९१२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात करारबद्ध मजूरभरती बंद करण्याच्या ठरावावर त्यांनी केलेले भाषणही तितकेच महत्त्वाचे आहे. त्याचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
भाषणाचे बळ भावनेत नसून मांडणीत आहे. अनोळखी मालक, परका मुलूख, मळा सोडून जाण्यास बंदी, आणि करार मोडल्यास दिवाणी दाव्याऐवजी फौजदारी शिक्षा अशी एकेक कडी गोखले जोडत जातात. या शिक्षेची कल्पना मजुराला करारावर अंगठा उठवताना दिलीच जात नाही, हा त्यांचा सर्वांत मर्मभेदी मुद्दा होय. सँडर्सन समितीने १९१० मध्ये ही पद्धत चालू ठेवण्याची शिफारस केली होती. तिनेच गोळा केलेली माहिती गोखले त्या पद्धतीविरुद्ध वापरतात. तरीही ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनी फेटाळला गेला. भरती थांबली ती १९१७ मध्ये.

तथापि एक प्रश्न उरतो. या भाषणातील मजूर फसवला जातो, सोसतो. पण स्वतः काही ठरवताना दिसत नाही. दुष्काळ, कर्ज वा जातीचा जाच यांपासून सुटण्यासाठी जो जाणूनबुजून निघाला, त्याला येथे आवाज नाही. गोखल्यांचा विरोध कराराला होता, स्थलांतराला नव्हे. पुढे सरकारने मात्र संरक्षणाच्या नावाखाली जाण्याच्या वाटेवरच पहारा बसवला. १९२२ च्या कायद्यानुसार अकुशल कामासाठी केवळ सरकारने अधिसूचित केलेल्या देशांतच जाता येई. १९८३ च्या कायद्यानंतरही अल्पशिक्षित कामगाराला ठरावीक देशांत नोकरीस जाण्यासाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्यास ती लागत नाही. बंधन गरिबावरच राहिले.

ठरावातील आणखी एक शब्दयोजना लक्षणीय आहे. बंदी केवळ वसाहतींपुरती नव्हे, तर स्वदेशातील करारबद्ध भरतीलाही लागू व्हावी, असे त्यात म्हटले होते. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात हे वाचताना त्याचा अर्थ अधिक जवळचा वाटतो. येथे मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेला कंत्राटी कामगार गिरमिटिया नाही. काम सोडले म्हणून त्याला तुरुंगात जावे लागत नाही, आणि हा भेद पुसणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु कामगार व कारखाना यांच्यामध्ये उभा असलेला मध्यस्थ आणि कामाच्या अटींविषयीचे अज्ञान या दोन कड्या ओळखीच्या आहेत.

समारोप :
मजुराला घरी थांबवून त्याचे रक्षण होत नाही. अटी कळणे, काम नाकारता येणे आणि परत फिरता येणे यांतच खरे संरक्षण आहे. गोखल्यांच्या युक्तिवादातून हा निष्कर्ष निघतो. त्यांच्यानंतरच्या कायद्यांनी त्यातील बंदी तेवढी उचलली.